पाण्याखाली गेलेलं गाव नकाशावर कसं शोधायचं? नंदुरबारच्या जुन्या टोपोशीट काय सांगतात

नर्मदा ही नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा. सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली मणिबेली, डोमखेडीसारखी ३३ गावं बुडिताच्या क्षेत्रात आली. आज मोबाइलवर सॅटेलाइट मॅप उघडला, तर नदीकाठी पाणीच पाणी दिसतं. मग त्याआधी तिथे काय होतं?

याचं एक उत्तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटमध्ये आहे. धडगाव, तळोदा ‘४६ के’मध्ये, तर मणिबेली ‘४६ जी’मध्ये. एक मैल जमीन एका इंचात बसवणारे हे नकाशे हाताने काढलेले असायचे. सर्वेक्षक तिपाईवर सपाट फळा मांडायचा, त्यावर कागद लावायचा आणि समोरच्या टेकडीवर नेम धरून जागेवरच रेघा ओढायचा. छापील नकाशात जंगल हिरवं, शेती पिवळी, घरं लाल.

खरा खजिना आहे तपकिरी समोच्च रेषांमध्ये. एका रेषेवरची प्रत्येक जागा समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असते. धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर, म्हणजे ४५५ फूट. जुन्या शीटवर या रेषा सहसा दर ५० फुटांनी असतात. त्यामुळे ४५० फुटांच्या रेषेवरून बोट फिरवलं, की तिच्या खालचे पिवळे तुकडे, नदीकडे उतरणाऱ्या पाऊलवाटा, नाल्यांची तोंडं सापडत जातात. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं, तेव्हा हेच सगळं पाण्याखाली होतं.

पण नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. आधी समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष बघायचं. छपाईचं वर्ष बरंच नंतरचं असू शकतं. पाड्यांची भिली, पावरी नावं बाहेरून आलेल्या माणसाने कानाला लागली तशी इंग्रजीत लिहिलेली. आणि सातपुड्यात गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेली घरं. दोन-चार झोपड्यांचा पाडा किंवा उतारावरचं छोटं शेत अशा नकाशातून सहज निसटतं.

हा प्रश्न फक्त इतिहासाचा नाही. वनहक्क कायद्याच्या दाव्यांमध्ये नकाशे पुरावा म्हणून चालतात. मग शीटवर नुसतं हिरवं दिसलं, म्हणजे तिथे कोणी कसतच नव्हतं, असं म्हणायचं का? नाही. त्याच नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा मानला आहे.