गाडी सुरू होत नाही? आधी कान द्या

आपल्या वस्त्यांतून चारचाकी गाडी आता नवलाईची राहिलेली नाही. कोणी कर्ज काढून टॅक्सी घेतली आहे, कोणी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो, कोणाच्या घरी मुलाला नोकरी लागल्यावर जुनी गाडी आली आहे. हौसेची गाडी सकाळी सुरू झाली नाही तर माणूस बसने जातो. पोटाची गाडी सुरू झाली नाही तर त्या दिवसाची चूल आणि महिन्याचा हप्ता दोन्ही अडतात. म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर मुद्दाम घेतला आहे. तो भगिनींनी व मुलामुलींनीही वाचावा. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ येते तेव्हा आजारी माणूस चालकच असू शकतो.

आम्ही मिस्त्री नव्हे, दिवसभर पावत्या आणि खतावण्या पाहणारी माणसे. पण वस्तीतील चालक बांधवांचे हिशेब लिहून देताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. दुरुस्तीच्या खर्चातला बराच भाग बिघाडाचा नसतो, अंदाजाचा असतो. एका बांधवाच्या वहीत एकाच आठवड्यात तीन नोंदी होत्या : नवी बॅटरी, मग स्टार्टरची दुरुस्ती, आणि शेवटी बॅटरीच्या वायरचा नट आवळल्याचे पन्नास रुपये. दुखणे त्या नटाचेच होते!

किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरते की नाही, हा पहिला प्रश्न. बॅटरीची वीज स्टार्टरला मिळते. चालक मंडळी त्याला 'सेल्फ' म्हणतात. सेल्फ इंजिनाला फिरवतो आणि मग पेट्रोल व ठिणगी यांच्या जोरावर इंजिन स्वतः चालू लागते. म्हणजे इंजिन फिरतच नसेल तर पेट्रोलकडे बघून उपयोग नाही. आणि ते जोमाने फिरत असूनही सुरू होत नसेल तर नवी बॅटरी घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. एवढे जरी घरच्या घरी ठरवता आले तरी गॅरेजमध्ये आपण निम्मे काम करून जातो.

इंजिन फिरत नाही आणि नुसते टक्-टक्-टक् ऐकू येते, तेव्हा पुढचे दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे मंदावले किंवा विझले तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर तिची जोडणी सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि एकच 'खट्' आवाज आला तर संशय सेल्फवर. काहीच आवाज नाही आणि दिवे मात्र लख्ख, अशा वेळी आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी' किंवा 'एन'वर आहे ना? काही गाड्यांना क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. फ्यूज उडालेला असू शकतो.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते. ती वीज अडवते. गाडी बंद करून आधी काळी, म्हणजे ऋण बाजूची वायर सोडावी, मग लाल. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासावे, कोरडे करावे आणि जोडताना लाल आधी, काळी शेवटी. त्या पुडीत आम्ल असते, म्हणून हात व डोळे जपावेत.

दुसऱ्या गाडीची वीज घ्यायची असेल तर क्रम चुकवू नये. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, ठिणगी पडली तर तो पेट घेतो. त्यामुळे बिडी आणि काडेपेटी त्या जागी नकोच. धक्का मारून सुरू करणे जुन्या गाड्यांना चालून जाई. ऑटोमॅटिकला ते चालत नाही, आणि बॅटरी पूर्ण मेली असेल तर इंजेक्शनच्या गाडीलाही नाही, कारण पेट्रोलचा पंपही विजेवरच चालतो. मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासून चालक पुढे निघत. त्या टॅक्सीही २०२३ साली रस्त्यावरून गेल्या.

गाडी सुरू झाली म्हणून विषय मिटत नाही. मीटर लावून घ्यावा. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसले पाहिजेत. तेव्हाही १२च्या आसपासच काटा राहिला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरेल. बॅटरीचे पैसे मोजण्यापूर्वी हे मोजमाप मागावे, हा आमचा आग्रह आहे.

आता इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, तो प्रकार. किल्ली चालू करून मागच्या सीटकडे कान द्यावा. तिथे पंपाचा दोन सेकंद 'घूं' आवाज येतो. आला नाही तर पंप किंवा त्याचा फ्यूज. सीएनजी टॅक्सीवाल्यांना हा त्रास फार होतो. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. गॅस स्वस्त म्हणून टाकी कोरडी ठेवली जाते, पण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, कोरडा फिरला की जळतो. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलुपाचे चित्र लुकलुकत असेल तर घरातली दुसरी किल्ली लावून पाहावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे.

पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून बॉनेट उघडून पाहावे. पण गाडी पाण्यात बुडाली असेल तर मात्र किल्लीला हातच लावू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या बुडाल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की आतला दांडा वाकतो आणि खर्च हजारांवरून लाखाकडे जातो. इंजिन-संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले नसेल तर विमा कंपनी हे नुकसान सहसा नाकारते. पॉलिसीचा कागद काढून ते कलम आहे का, आजच पाहावे. त्याच पिशवीत बॅटरीचे बिल आणि वॉरंटी कार्डही ठेवावे, वर खरेदीची तारीख ठळक लिहून.