बिबट्या दिसला, वणवा लागला, तर पहिला फोन कुणाला?

गेल्या वेळी बचत गटाच्या बायकांनी एक प्रश्न पाठवला होता : 'फॉरेस्टवाले आमची मोळी अडवायला येतात, पण बिबट्या आला की नेमकं कुणाला बोलवायचं?' म्हणून आज आपण वनखात्याची माणसं, त्यांची कामं आणि त्यांचे अधिकार समजून घेऊ.

आधी कोण कोण असतं ते बघू. सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे वनरक्षक. त्यालाच आपण गार्ड म्हणतो. आता बऱ्याच ठिकाणी वनरक्षक बाईच असते. तिच्याकडे जंगलाचा जो तुकडा असतो त्याला बीट म्हणतात. चार-पाच बीटांवर एक वनपाल असतो. त्याच्या वर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे आरएफओ. एकेका गार्डकडे शेकडो हेक्टर डोंगर असतो, आणि तो सगळीकडे एका वेळी पोचू शकत नाही. म्हणून पहिली खबर बहुतेक वेळा आपल्याकडूनच जाते. ती कशी जाते, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

आता कात्रजचंच उदाहरण घ्या. इथलं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय पुणे महापालिकेचं आहे आणि घाटातलं जंगल वनखात्याचं. मार्च २०२४ मध्ये प्राणीसंग्रहालयातला एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला. बाग लोकांसाठी बंद केली. महापालिकेची माणसं, वनखातं, अग्निशमन दल, प्राणी वाचवणारं पथक, सगळे शोधाला लागले. दुसऱ्या दिवशी तो आवारातच सापडला आणि पकडला गेला. भिंती, कॅमेरे, माहितगार माणसं, सगळं असूनही इतका वेळ लागला. मग उसाच्या फडात किंवा गावाच्या ओढ्यात किती लागेल? म्हणून 'फोन केला, तरी लगेच पकडत का नाहीत?' असं म्हणण्याआधी हे ध्यानात ठेवायचं.

दुसरी गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. त्याला पकडायला किंवा भूल द्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. शिवाय भुलीचं इंजेक्शन लागलं म्हणजे जनावर जागीच पडत नाही. काही मिनिटं ते पळतं, आणि समोर गर्दी असेल तर गर्दीत घुसतं. म्हणून गार्ड आधी लोकांना मागे सारतो. जनावर पकडण्याइतकंच तेही महत्त्वाचं काम आहे. बघ्यांनी कोंडलेला बिबट्या वाट मोकळी असलेल्या बिबट्यापेक्षा जास्त धोक्याचा.

मग आपण काय करायचं? वनखात्याचा १९२६ हा मोफत नंबर आहे. जखमी माणूस असेल तर १०८, आणि गर्दी आवरेना तर ११२. फोनवर गावाचं नाव, वस्ती, जवळची खूण सांगा. जनावर पाहिलं, की ठसे पाहिले, की ऐकीव, तेही खरं खरं सांगा. मोबाईलवर आलेला जुना फोटो पुढे पाठवू नका. खोट्या खबरेमागे गार्ड धावला तर खऱ्या जागी पोचायला उशीर होतो.

ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली तर उचलू नका, हातात घेऊन फोटो काढू नका. तोड थांबवा, मागे सरा, फोन करा. जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र अशी पिल्लं रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. पिल्लं गावात नेली तर आई चवताळून वस्तीभोवती फिरते.

बिबट्याने ओरखडलं किंवा चावलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा आणि रेबीजच्या लसीचं विचारा. शेळी, वासरू मेलं तर जागेवरून हलवू नका. ४८ तासांच्या आत गार्डला कळवा, कारण पंचनामा झाल्याशिवाय भरपाईचं प्रकरण उभं राहत नाही. पंचनाम्यावर सही करताना तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

वणव्याचंही तसंच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा काळ. कात्रज घाटाच्या डोंगरांवर गवत वाळलं की एक विडी पुरते. चांगलं गवत यावं म्हणून डोंगर पेटवणारेही आहेत. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यात गुन्हा आहे. शिवाय आगीमागून उतारावर उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते आणि खालच्या विहिरीला पाणी राहत नाही. आग दिसली की आधी फोन करा. नायलॉनची साडी नेसून विझवायला जाऊ नका, आणि आग खालून वर चढत असेल तर तिच्या वरच्या बाजूला कधीच थांबू नका.

आता अधिकारांचं. वनअधिकारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो, गाडी, कोयता, लाकूड जप्त करू शकतो. डुकरासाठी लावलेला फास, कुंपणात सोडलेला करंट, पिंजऱ्यातला पोपट, हे सगळे गुन्हे आहेत. फाशात डुक्कर अडकतं तसा बिबट्याही अडकतो, आणि करंटने शेजारच्या घरातलं माणूसही जातं.

पण अधिकाराला मर्यादाही आहे. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. बाईची झडती बाईनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर तसंच खास कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. दंड भरला तर पावती मागा. पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि मोळीला कुठल्या जंगलात मुभा आहे, कुठे नाही, हे गार्डला आधीच विचारून ठेवा. वाद निम्म्याने कमी होतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या बीटाच्या गार्डचं नाव आणि नंबर काढा, १९२६ च्या खाली लिहा आणि शाळेच्या, दूध डेअरीच्या भिंतीवर लावा. गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल तर तिच्यात बायका किती आहेत ते विचारा. आणि गार्डला एकदा बैठकीला बोलवा. ओळख आधी झालेली असली की रात्री बारा वाजता फोन करताना जीभ अडखळत नाही.