हक्कनोंदीचे स्थलांतर

ग्रंथालयाचे सारे दप्तर मायएसक्यूएलच्या ५.७ या आवृत्तीवरून, जिची निगा निर्मात्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबवली, ८.० आवृत्तीच्या नव्या सर्व्हरवर नेताना पुस्तके, सभासद आणि देवघेव यांच्या तक्त्यांचा फारसा त्रास झाला नाही. ते एकाच क्षणाच्या स्थितीत उतरवून घेतले, यूटीएफ-८ मध्ये तीन-तीन बाइट व्यापणारी देवनागरी चिन्हे दोन्हीकडे एकाच संहितेने वाचली जात आहेत हे पाहिले, ओळींची रुजुवात घेतली, आणि तो भाग आटोपला.

वेळ द्यावा लागला तो खात्यांना. या प्रणालीत खाते म्हणजे केवळ नाव नव्हे. नाव आणि ज्या पत्त्यावरून यावयाचे तो पत्ता, अशी ती जोडी असते. त्यामुळे ज्या लेखनिकास जुन्या जाळ्यातील पत्त्यांपुरताच परवाना होता, तो नव्या जाळ्यातून तोच पासवर्ड घेऊन आला असताही सर्व्हर त्यास परका मानून परत पाठवतो. अशा वेळी घाईने ‘कोणत्याही पत्त्यावरून’ अशी मोकळीक देण्याचा प्रघात मला सर्वथा गैर वाटतो. प्रत्येक खात्याचे हक्क जुन्या सर्व्हरकडून वदवून घ्यावेत, वाचावेत, आणि मगच नवे पत्ते लिहावेत.

पासवर्डची गोष्ट याहून नाजूक आहे. सर्व्हरजवळ पासवर्ड नसतोच; असते ते त्याचे गणिती रूप, जुन्या रीतीत दोनदा एसएचए-१ लावून काढलेले, आणि त्यावरून मूळ शब्द काढून तो नव्या एसएचए-२५६च्या रीतीत बसवणे व्यवस्थापकासही शक्य नसते. म्हणून ८.० ला अद्याप मान्य असलेल्या जुन्या रीतीनेच ते रूप जसेच्या तसे नेले, आणि प्रत्येकाने ठरलेल्या मुदतीत स्वतःचा नवा पासवर्ड ठेवावा असा बंदोबस्त केला. कोणाचे गुपित कोणास विचारावे लागले नाही, याचे मला विशेष समाधान वाटते.

राहिली ती निवृत्त कर्मचाऱ्यांची खाती. ती काढून टाकावीत असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु थकबाकीचा जो व्ह्यू रोज उघडला जातो तो अशाच एका खात्याच्या अधिकारावर चालतो, आणि ते खाते नाहीसे झाले की व्ह्यूही चालेनासा होतो. खाते कुलूपबंद केले असता मात्र त्यातून कोणासही प्रवेश मिळत नाही, तरी त्याच्या नावाने रचलेले व्ह्यू चालू राहतात. ती सारी खाती आम्ही कुलूप लावूनच नेली.