समाजमाध्यमे, सरकारी बंधने आणि आपले हक्क

३१ जानेवारी १९२० रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, ही हकीकत आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहे. आज वस्तीतील कोणीही मुलगा मोबाइलवर दोन ओळी लिहितो आणि त्या क्षणात नागपूरपर्यंत पोचतात. संपादक आड येत नाही. परंतु त्या ओळी कोण पुसू शकतो आणि त्यापायी पोलीस ठाण्यात केव्हा जावे लागते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून हा लेखप्रपंच.

नोव्हेंबर २०१२ मधील पालघरची गोष्ट घ्या. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर नाराजी लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती फक्त 'लाइक' केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ होते. 'त्रासदायक' किंवा 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम. त्रास कोणाला आणि किती झाला म्हणजे गुन्हा, याचे माप त्यात कोठेच नव्हते. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी हे कलम संपूर्ण रद्द झाले. चर्चा करणे वेगळे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे. कायद्याचा हात चिथावणीपाशी पोचतो, त्याआधी नाही, असे न्यायालयाने सांगितले. तरीही या मेलेल्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवीतच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

त्याच निकालात कलम ६९अ मात्र कायम राहिले. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार या कलमाखाली एखादा मजकूर वा खाते बंद करवू शकते. २००९ च्या नियमांनुसार ही कारवाई गोपनीय असते, त्यामुळे आपले लिखाण का गेले हे लिहिणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही. २०२३ मध्ये केंद्राने आणखी एक पाऊल टाकले. सरकारी कारभाराविषयीची माहिती खोटी की खरी हे सरकारचाच एक कक्ष ठरवणार होता. कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती जानेवारी २०२४ मध्ये विभागले गेले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. माझ्या मते हे योग्यच झाले. खातेदाराने आपल्याच पासबुकात शिल्लक लिहिण्यासारखा तो प्रकार होता.

मग बंधने नकोतच काय? असे आपण म्हणू शकत नाही. बाबासाहेबांच्या विटंबनेची चित्रे, जातिवाचक शिव्या याच मोबाइलवर येतात. कायदामंत्री असताना १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीचे समर्थन खुद्द बाबासाहेबांनी संसदेत केले होते. त्या दुरुस्तीने अनुच्छेद १९ (२) मधील निर्बंधांची कारणे वाढली, परंतु निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत हा शब्दही तिनेच आणला. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातील 'लोकांच्या नजरेसमोर' या शब्दांत इंटरनेटही येते, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तेव्हा अशा शिवीगाळीसाठी कायदा आहे, त्याकरिता सबंध गावाचे तोंड बंद करण्याचे कारण नाही.

पण तसे होते. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि इंटरनेट बंद झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड व आपल्या जिल्ह्यातही ते काही तास बंद होते. इंटरनेट बंद केले की अफवा थांबते, असे सांगतात. १९७८ मध्ये नामांतराच्या वेळी मराठवाड्यात आपली घरे जळाली, तेव्हा कोणाच्या हाती मोबाइल होता? बंदीच्या दिवशी अफवा तोंडी फिरते, आणि 'मी सुखरूप आहे' हा निरोप मात्र अडकतो. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला हेही दिसते की, फोनमधूनच पैसे देणारा मजूर त्या दिवशी खिशात नोट नसल्याने अडतो. इंटरनेटबंदीचा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे आणि ती बेमुदत असू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात स्पष्ट केले आहे. तो आदेश मागून वाचण्याचा हक्क आपला आहे. आपण तो क्वचितच मागतो.

विद्यार्थी मित्रांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. जातिवाचक मजकूर आला तर रागाच्या भरात तो पुढे पाठवू नये. त्याचे छायाचित्र, दुवा, तारीख व वेळ जपून ठेवावी आणि लेखी तक्रारीची पोच घ्यावी. पुढे पाठविणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. स्वतःच्या स्टेटसबद्दल नोटीस आली, तर घाबरून मोबाइल पुसून टाकू नये, आधी नोटिशीवरील कलम वाचावे. भारतीय न्याय संहितेचे १९६, २९९ किंवा ३५३ असेल तर वकिलांना भेटावे. ६६अ लिहिलेले असेल, तर २०१५ च्या निकालाची प्रत सोबत घेऊन जावे. ती प्रत आपल्या संस्थेच्या वाचनालयात ठेवावी, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे.