मातीत हात घातला की डोकं खरंच शांत होतं का?

इन्स्टावर 'पाचगणी' टाकून बघा. स्ट्रॉबेरी, टेबललँड, पॅराग्लायडिंग आणि मधूनमधून चिखलाने भरलेले हात. खाली लिहिलेलं असतं: पॉटरी, डिजिटल डिटॉक्स, माइंडफुलनेस. पुण्या-मुंबईचे आपल्यासारखे लोक वीकेंडला पैसे भरून जातात, म्हणून आज बघू यात तथ्य किती आणि मार्केटिंग किती.

आधी चाकावर काय होतं ते समजून घेऊ. मातीचा गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा असतो. ऐकायला सोपं वाटतं, पण नवख्या माणसाचा पहिला तास त्यातच जातो. गोळा केसभर जरी बाजूला असला तरी दर फेरीला तळव्याला धक्का बसतो. कोपर मांडीला टेकवायचं, हात स्थिर ठेवायचा, माती हाताप्रमाणे येईपर्यंत थांबायचं. मनात ऑफिसचा ईमेल आला की बोटांचा दाब बदलतो आणि भिंत डगमगते. नुसतं डोळे मिटून बसलं तर मन भटकलंय हे कळायलाच दहा मिनिटं जातात, इथे ते लगेच कळतं. शिवाय हात ओल्या मातीने माखलेले, त्यामुळे फोन वाजला तरी उचलता येत नाही. मला तर हेच निम्मं औषध वाटतं!

अभ्यास म्हणाल तर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं कलाकाम करायला दिलं. माती, मार्कर, कोलाज, ज्याला जे हवं ते. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, कमी झालं. आधी कला येत होती की नाही, याने फारसा फरक पडला नाही. पण नमुना छोटा होता आणि तुलनेसाठी नुसता बसवून ठेवलेला दुसरा गट नव्हता. म्हणजे आशा वाटावी इतपत पुरावा आहे, 'सिद्ध झालंय' म्हणण्याइतका नाही.

आता गोरोबाकाकांकडे येऊ. तेरचे संत गोरा कुंभार, नामदेवांच्या काळातले. आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे: विठ्ठलाच्या भजनात रंगून ते पायाने माती तुडवत होते आणि रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं, तरी त्यांना कळलं नाही. आपण ही गोष्ट भक्तीची म्हणून ऐकतो. मला त्यात भाषेची एक गंमत दिसते. 'भान हरपणं' आणि 'भान ठेवणं' ही मराठीत दोन टोकं आहेत, आणि वर्कशॉपच्या जाहिरातीत दोन्ही एकाच नावाने विकली जातात. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये जे शिकवलं, ते आत्ता काय चाललंय याकडे मुद्दाम, निवाडा न करता लक्ष देणं. म्हणजे भान ठेवणं. वेळ कसा गेला कळलंच नाही, हा वेगळा अनुभव, त्याला मानसशास्त्रात 'फ्लो' म्हणतात. चाकावर दोन्ही मिळू शकतं. पण भटकलेलं मन परत आणायची सवय हवी असेल, तर नुसतं रंगून जाणं पुरत नाही.

गोरोबांचीच दुसरी गोष्ट कम्युनिटीबद्दल आहे. संतमंडळी जमलेली असताना त्यांनी थापटण्याने एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव रागावले, पण पुढे विसोबा खेचरांकडे गेले. दोन तास अनोळखी लोकांबरोबर बसून ग्रुप फोटो काढला की मंडळी तयार होत नाही. तुमचं मडकं कच्चं आहे हे सांगणारा कोणी पुन्हा पुन्हा भेटावा लागतो.

पाचगणीत असं एकत्र येणं नवीन नाही. १९६०च्या दशकाच्या शेवटी इथे एशिया प्लॅटो हे केंद्र उभं राहिलं. शांत बसायचं, मनात येईल ते लिहायचं आणि मग एकमेकांना सांगायचं, ही तिथली जुनी पद्धत. आणि २००८ मध्ये मंदाकिनी माथुर यांनी गडचिरोलीच्या सुरेश पुंगाटी यांच्यासोबत देवराई आर्ट व्हिलेज सुरू केलं. तिथे आदिवासी कलाकार ढोकरा काम करतात. यातही माती आहेच: मातीचा गाभा, त्यावर मेणाचे धागे, वर पुन्हा मातीचा थर. तापवल्यावर मेण वितळून जातं, त्या पोकळीत पितळ ओततात आणि साचा फोडतात. साचा फोडावाच लागतो, म्हणून तसाच दुसरा नग निघत नाही. मोहेंजोदडोची नर्तकी याच मेण-पद्धतीने ओतलेली आहे. देवराईत हे पितळ दगडाशीही जोडतात. आपल्यासाठी जी विश्रांती, ती त्यांची रोजीरोटी आहे. तिथे गेलात तर किंमत पाडून मागू नका, प्लीज.

कुठेही बुकिंग करण्याआधी विचारा: भांडं भाजणार कोण, कुठे आणि हातात कधी मिळणार? ओलं भांडं सावलीत नीट वाळायलाच काही दिवस लागतात, घाईने भट्टीत घातलं तर तडकतं. 'दोन तासांत बनवा, संध्याकाळी घरी न्या' म्हणत असतील तर ते भाजलेलं नाही. पाणी ओतलंत की चिखल! शिकवणारा स्वतः कुंभारकाम करतो का आणि त्याच गटाला पुढच्या महिन्यात परत येता येतं का, हेही विचारा. पाचगणी लांब पडत असेल तर आपल्याच गावातला कुंभारवाडा बघा. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीचे आठवडे सोडून जा, तेव्हा त्यांना बोलायला वेळ नसतो.