आजीचे डोळे गळतात, मग ते कोरडे कसे?

दिवाळी झाली की झरी जामणीच्या शिवारात कापूस वेचायची धांदल असते. पऱ्हाटीत दिवसभर वाकून आजी संध्याकाळी घरी येते आणि पदरानं सारखे डोळे टिपत बसते. काय झालं विचारलं तर म्हणते, "काही नाही व माय, वारं लागलं का डोये गयतात."

तिला दवाखान्यात नेलं की डॉक्टर म्हणतात, "आजी, तुमचे डोळे कोरडे पडलेत." आता आली का पंचाईत! गालावर पाण्याचे ओघळ आणि डोळे म्हणे कोरडे!

एक खेळ खेळून बघा. थोडा वेळ डोळे मिटायचेच नाहीत. आधी गार वाटतं, मग चुरचुरायला लागतं आणि मग एकदम पाणी! डोळ्याचा वरचा थर सुकला, त्यानं मेंदूला हाक मारली आणि मेंदूनं घाईघाईनं पाणी सोडलं. आजीचे डोळे अशी हाक दिवसभर मारत असतात. पण हे घाईचं पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावरून निघून जातं.

टिकणारं पाणी वेगळं. ते थोडं थोडं, न सांगता झिरपत असतं. भुवईखाली, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात, हाडाच्या खोबणीत बदामासारखी एक अश्रुग्रंथी लपलेली असते. ती पाणी पुरवते. पापण्यांच्या कडांना बारीक बारीक तेलग्रंथींची रांग असते. त्यांचं तेल पाण्यावर पसरतं आणि ते उडून जाऊ देत नाही. पापणी लवली की हा थर डोळ्यावर सारवला जातो. उरलेलं पाणी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या इवल्याशा छिद्रातून नाकात उतरतं. रडताना नाक का वाहतं, कळलं ना? शिवाय अश्रू जंतूही मारतात! अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञानं 1922 मध्ये अश्रूंतला, जंतूंना विरघळवणारा लायसोझाइम नावाचा पदार्थ जगापुढे आणला. त्याच्या प्रयोगांसाठी खूप अश्रू लागायचे, म्हणून तो लिंबाचा रस वापरून ते मिळवायचा. (तुम्ही मात्र हे मुळीच करू नका!)

मग म्हातारपणी बिघडतं काय? आपल्या शरीरात राखणदार पेशी असतात. जंतू शिरले की त्या धावून येतात. त्या जागी लाली येते, सूज येते, आग होते. यालाच दाह म्हणतात. काम झालं की राखणदार परततात. पण वय वाढतं तसे अश्रुग्रंथीत बरेच राखणदार मुक्कामच ठोकतात. शत्रू नसतानाही त्यांची लढाई चालू राहते, आणि त्यात मार बसतो तो पाणी तयार करणाऱ्या बिचाऱ्या पेशींना. त्या आक्रसतात, त्यांच्या जागी चिवट धागे वाढतात, बारीक नळ्या अरुंद होतात. शेतातली ठिबकची नळी क्षारांनी तुंबली की विहिरीत पाणी असूनही झाड सुकतं ना, तसंच काहीसं. आणि डोळा कोरडा पडला की त्याच्या पृष्ठभागावरही दाह होतो, म्हणजे आणखी राखणदार! त्यात चुलीचा धूर आणि वेचणीतली धूळ.

कोरडेपणा मोजायची युक्ती मला फार आवडते. ऑटो शिर्मर या डॉक्टरांनी ती 1903 मध्ये सांगितली. 5 मिलिमीटर रुंदीची टीपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि 5 मिनिटं थांबायचं. निरोगी डोळ्याचे अश्रू बहुधा 10 मिलिमीटरच्या पुढे जातात. 5 च्या आतच अडले, तर डोळा कोरडा असल्याची दाट शंका.

आजीच्या पापण्यांतलं तेल घट्ट झालं असेल, तर डॉक्टर डोळ्यांत घालायच्या थेंबांबरोबर आणखी एक उपाय सांगतात : कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड मिटलेल्या डोळ्यांवर काही मिनिटं ठेवायचं. थंडीत गोठलेलं खोबरेल तेल उन्हात ठेवल्यावर पातळ होतं, तसं तेही पातळ होतं.

आठवतं? लहानपणी तुमच्या डोळ्याला बोट लागलं की आजी पदराचा बोळा करायची, त्यावर तोंडानं गरम वाफ सोडायची आणि हलकेच डोळ्याला लावायची. आता ऊब द्यायची पाळी तुमची.