मडक्यातला आकडा

रुपयाचे नाणे उडवले, तर ते दोनच प्रकारे पडते. छापा येतो, नाही तर काटा येतो. तिसरे काही नाही. म्हणून छापा येण्याचा संभव दोनांत एक.

संभव कसा काढायचा? आधी काय काय होऊ शकते, ते सारे मोजायचे. मग त्यांतले आपल्याला हवे ते किती, ते पाहायचे. बस, एवढेच गणित. पण एवढे गणित न केल्यामुळे पुष्कळांची मजुरी बुडते. कशी, ते आपण पाहू.

मोजायचे कसे?

तुमच्याजवळ तीन सदरे आहेत आणि दोन टोप्या आहेत. किती तऱ्हांनी पोशाख करता येईल? कोणी म्हणेल, पाच. पण नीट पहा. पहिल्या सदऱ्यावर दोन्ही टोप्या चालतात. दुसऱ्यावर दोन्ही, तिसऱ्यावरही दोन्ही. झाले सहा. म्हणजे ३ × २ = ६. एकामागून एक निवड करायची असली, की बेरीज करायची नाही. गुणाकार करायचा.

आता आकड्यांचे कुलूप घ्या. त्याला तीन चकत्या असतात. प्रत्येकीवर ० ते ९ असे दहा आकडे. मग १० × १० × १० = १,००० तऱ्हा झाल्या. त्यांतली एकच खरी. म्हणून तर चोर कंटाळतो!

मटक्याचा हिशेब

पूर्वी न्यूयॉर्कहून मुंबईला कापसाचे भाव तारेने येत. त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६० नंतरच्या काळात ते बंद पडले. मग चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या मडक्यात टाकू लागले आणि एकेक काढू लागले. म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले. आता तर मोबाइलवरही हा खेळ चालतो. नाव मात्र तेच राहिले.

आकडे दहा. तुम्ही लावता एक. तो लागण्याचा संभव दहांत एक. लागला, तर साधारण नऊपट पैसे मिळतात. ऐकून बरे वाटते. पण समजा, दहा जणांनी दहा आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. आकडा घेणाऱ्याकडे जमले १०० रुपये. एकाचा आकडा लागला. त्याला दिले ९० रुपये. उरलेले १० रुपये कोणाचे? आकडा घेणाऱ्याचे! कोणताही आकडा येवो, त्याचे दहा ठरलेले.

जोडीचेही तसेच. पहिला आकडा दहा तऱ्हांनी, दुसरा दहा तऱ्हांनी. १० × १० = १०० जोड्या. लागली, तर साधारण नव्वदपट. म्हणजे शंभरांत एक संभव, आणि मिळतात नव्वद. इथेही दहा गेलेच.

"आता येणारच!"

काही जण म्हणतात, "सात आकडा महिनाभर आला नाही. आता येणारच." असे का व्हावे? मडक्याला आठवण नसते. रोज त्यात त्याच दहा चिठ्ठ्या असतात. काल काय निघाले, हे चिठ्ठीला ठाऊक नाही. आजही साताचा संभव दहांत एकच.

काही म्हणतात, "दहांत एक ना? मग दहा दिवस खेळू. एकदा तर लागेलच." हेही मोजून पाहू. हजार माणसे रोज एकेक आकडा लावतात असे धरा. पहिल्या दिवशी सुमारे १०० जणांना लागेल. ९०० कोरडे राहतील. दुसऱ्या दिवशी त्या ९०० पैकी ९० जणांना लागेल. ८१० कोरडे. असे मोजत जा. दहा दिवसांनी सुमारे ३५० माणसे अशी उरतात, की त्यांना एकदाही आकडा लागला नाही. आणि ज्याला रोज दहा रुपये लावून एकदाच लागला, त्याने १०० घातले आणि ९० मिळवले.

मग बुवाने सांगितलेला आकडा खरा कसा ठरतो? बुवाने दहा जणांना दहा निरनिराळे आकडे सांगितले, तर एकाचा खरा ठरणारच. तो एक गावभर सांगत सुटतो. बाकीचे नऊ लाजेने गप्प बसतात. आपल्या कानावर एकाचेच बोलणे येते. म्हणून जिंकलेले मोजताना हरलेलेही मोजावेत.

मटका खेळणे आपल्या राज्यात गुन्हा आहे. त्यासाठी १८८७ सालचा कायदा आहे. पण आम्ही म्हणतो, शिपायाची भीती बाजूला ठेवा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. गेलेला आणि आलेला प्रत्येक रुपया वहीत मांडा. बेरीज-वजाबाकी स्वतः करा. वही खोटे बोलत नाही.

करून पहा

१. दोन नाणी एकदम उडवली. दोन्हींवर छापा येण्याचा संभव किती?

२. गावाहून तालुक्याला दोन वाटा आहेत. तालुक्याहून जिल्ह्याला तीन वाटा आहेत. गावाहून तालुक्यावरून जिल्ह्याला किती तऱ्हांनी जाता येईल?

३. दहा चिठ्ठ्यांवर ० ते ९ आकडे लिहा. मडक्यात टाका. एक आकडा मनात धरा. तीस वेळा चिठ्ठी काढा. दर वेळी ती परत टाका. तुमचा आकडा किती वेळा आला, ते वहीत लिहा. पैसे मात्र लावू नका!

उत्तरे : (१) चारांत एक. (२) सहा.